‘शक्य नाही’ म्हणणारा कोण?

ख्रिस्तपूर्व ४१६ साली अथेन्सचं आरमार मेलोस नावाच्या एका बारक्या बेटाला येऊन लागलं. अथेन्स आणि स्पार्टा यांची जुंपली होती आणि मेलोसला त्या भांडणापासून लांब राहायचं होतं. अथेन्सच्या वकिलांनी सरळ सांगितलं, शरण या, खंडणी भरा. मेलोसवाले न्यायाचं बोलू लागले. वकील म्हणाले, न्याय बरोबरीच्या माणसांत चालतो, तुम्ही कुठं बरोबरीचे? मग मेलोसवाले उद्याचं बोलू लागले. लढाईत वारं कधी फिरेल सांगता येत नाही, स्पार्टा मदतीला येईल, आम्हाला आशा आहे. त्यावर वकिलांनी त्यांची टिंगल केली. आशा ही गाठीला भरपूर असणाऱ्यानं करायची चैन आहे, तुमच्यासारख्यांनी समोर दिसतं तेवढं बघावं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. मेलोसनं ऐकलं नाही. वेढा पडला, शहर पडलं. हाती लागलेले पुरुष मारले, बायका-पोरं गुलाम म्हणून विकली.

ही हकीकत थ्युसिडिडीज या अथेन्सच्याच सेनापतीनं लिहून ठेवली आहे. जगभरच्या विद्यापीठांत ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ नावाचा जो विषय शिकवतात, त्यातल्या वास्तववादी पंथाची मुळं दाखवायची झाली की हाच संवाद पोरांपुढे ठेवतात. म्हणजे बघा, या पंथाच्या पहिल्याच धड्यात दुबळ्याच्या आशेची टिंगल आहे. धडा सहसा कत्तलीपाशी थांबतो. पुढचं सांगत नाहीत. ४०४ साली अथेन्स स्वतःच उपाशी मरत शरण गेलं, आणि त्याच्या थोडं आधी स्पार्टाच्या लायसँडरनं उरलेसुरले मेलोसवाले गोळा करून त्यांना त्यांचं बेट परत दिलं. आशा जिंकली, असं मला म्हणायचं नाही. मेलेले उठले नाहीत. पण दुसऱ्याला ‘तुझं काही होणार नाही’ म्हणून सांगणारे बारा वर्षांत लोळले आणि तरी शहाणपणाचा मान त्यांच्याकडेच राहिला, हे कसं?

दोस्तहो, हे आपल्यात कशाला, तेही सांगतो. अभ्यासवर्गात आपण जातीवर बोलतो, घटनेवर बोलतो, आरक्षणावर तर रात्र रात्र बोलतो. युद्ध, अणुबॉम्ब, परराष्ट्र असलं निघालं की सगळ्यांचे चेहरे कोरे. ते साहेबलोकांचं काम. एक जण मला म्हणालाच, पोटाला भाकर नाही आणि तू कुठं निघालास रशिया-अमेरिकेत? मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. माझ्या भाकरीचा हिशेब गिरणीच्या गेटात संपत नाही. कुठल्या गरीब देशानं श्रीमंत देशांना किती सूत, किती कापड विकायचं याचे कोटे १९७४ पासून २००४ च्या अखेरपर्यंत देशादेशांत बसून ठरत होते. कोटे उठले तेही असंच बसून ठरलं. बसणाऱ्यांत रिंगखात्यातला कुणी नव्हता. मग ही बसणारी माणसं उद्याचा विचार कुठल्या पुस्तकांतून करतात ते बघणं माझ्या भाकरीचंच काम झालं. पाळी सुटली की लायब्ररी, मांडीवर डिक्शनरी, अशी दोन वर्षं मी ही पुस्तकं वाचली. प्राध्यापक जे चाळीस पानांत फिरवतात ते पुष्कळदा चार ओळींत मावतं, हे आधी कळलं.

माझा प्रश्न नीतीचा आहे. एक माणूस उभा राहून दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल ‘हे शक्य नाही’ म्हणतो, तेव्हा तो नुसतं वर्णन करत असतो की काहीतरी करत असतो? आणि करत असेल, तर त्याची भरपाई कुणी द्यायची?

१९७९ साली केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन प्राध्यापकाचं एक पुस्तक आलं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या विषयातला प्रत्येक जण एकतर त्याच्या बाजूनं लिहीत होता किंवा त्याच्या विरुद्ध. त्याचं म्हणणं असं. देशांच्या वर सरकार नाही. पोलीसठाणं नाही, कोर्ट असून नसल्यासारखं. म्हणून प्रत्येक देशाला आपलं आपणच बघावं लागतं. बाजारात कंपन्या असतात तसे देश. देशाच्या आत लोकशाही आहे की हुकूमशाही, माणसं पोटभर आहेत की उपाशी, हे मोठा सिद्धांत मांडताना बघायचं कारण नाही. पेटीच्या आत डोकावू नका. पेट्या किती आणि केवढ्या तेवढं मोजा. तशी मोजली तर अमेरिका आणि रशिया या दोनच मोठ्या पेट्या दिसतात, आणि दोन महासत्तांचं जग हेच सगळ्यांत स्थिर जग. ते लवकर मोडेल असं त्याला दिसत नव्हतं.

वॉल्ट्झ मूर्ख नव्हता. त्याची वाक्यं घोटलेली आहेत, आणि अमुक घटना अमुक दिवशी घडेल असं सांगायला आपण बसलेलो नाही हे त्यानं स्वतःच बजावून ठेवलंय. पण त्याच्या पुस्तकात काळ हलत नाही. देश काल झुंजत होते, आज झुंजतात, उद्या झुंजणार. राजे बदलतील, बॉम्ब बदलतील, रचना तीच. असल्या मांडणीला आपल्याकडे जुना शब्द आहे: सनातन. पूर्वी असंच होतं म्हणून पुढे असंच राहणार. आणि राहणार ते कुणाच्या इच्छेमुळे नाही, रचनेमुळे. म्हणजे जबाबदार कुणीच नाही. गावातला शहाणा माणूस पाणवठ्याबद्दल हेच बोलायचा. मी काय करू बाबा, रीतच अशी आहे.

आता त्या पेटीच्या आत काय चाललं होतं ते ऐका. वॉल्ट्झच्या पुस्तकानंतर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८० मध्ये, पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या लेनिन जहाज कारखान्यातून अ‍ॅना वॅलेंटिनोविच नावाच्या बाईला कामावरून काढलं. ती क्रेन चालवायची. युनियनचं काम करते म्हणून डोळ्यांवर आलेली. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. १४ ऑगस्टला पोरांनी काम बंद पाडलं. बाईला परत घ्या, ही पहिल्या मागण्यांतली एक. तिच्या पाठोपाठ दुसरे कारखाने उठले. ३१ ऑगस्टला सरकारला मजुरांशी करार करावा लागला. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या राज्यात कामगारांना स्वतःची संघटना मिळाली, आणि सॉलिडॅरिटी या संघटनेत वर्षभरात सुमारे एक कोट माणसं आली. १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ लागला. रणगाडे रस्त्यावर, पुढारी तुरुंगात. लांबून बघणाऱ्यांना वाटलं असेल, मिटलं. पण मिटलं नव्हतं. जून १९८९ मध्ये निवडणूक झाली तेव्हा सॉलिडॅरिटीनं वरच्या सभागृहाच्या १०० पैकी ९९ जागा घेतल्या. ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीत लाइपझिगच्या रस्त्यावर सत्तर हजारांच्या आसपास माणसं आली आणि पोलिसांनी गोळी घातली नाही. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. डिसेंबर १९९१ संपेपर्यंत सोव्हिएत युनियन नावाचा देश नकाशावर नव्हता.

एका क्रेनवालीनं महासत्ता पाडली, असल्या गोष्टी पोवाड्यात ठीक. खरं कारण एक नाही. रशियाची तिजोरी रिकामी होत होती. अफगाणिस्तानात सैन्य रुतलं होतं. आणि ७ डिसेंबर १९८८ ला गोर्बाचेव्हनं संयुक्त राष्ट्रांत उभं राहून पाच लाख सैनिक एकतर्फी कमी करतो असं जाहीर केलं. बलवान माणूस आपण होऊन मूठ उघडतो, हे तर त्या सिद्धांतात बसतच नव्हतं. पण मुद्दा हा की हलणारं सगळं पेटीच्या आत होतं, आणि पेटीच्या आत बघायचं नाही असं शास्त्रानं आधीच ठरवलं होतं. ज्यांच्या हातानं उद्या घडत होता ते त्यांच्या यादीतच नव्हते.

जॉन लुईस गॅडिस या इतिहासकारानं १९९२-९३ च्या हिवाळ्यात एक लांब लेख लिहून या सगळ्या पंडितांना विचारलं की बाबांनो, भाकीत करता येणं हीच शास्त्राची कसोटी असं तुम्हीच म्हणत होता, मग एवढी मोठी गोष्ट तुमच्यातल्या एकालाही का दिसली नाही? उत्तरं मजेशीर आली. काही जण म्हणाले, ही एकच घटना, एका घटनेवरून सिद्धांत पडत नाही. आमच्या खात्यात एका रात्री सूत खराब निघालं तर ‘साहेब, हा एकच नमुना’ असं म्हणून बघा. पगार कापून घेऊन घरी याल.

इथवर लिहून मला गप्प बसता आलं असतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. पण वास्तववादी नेहमीच चुकतो असं नाही, आणि कार्यकर्त्यानं ते लपवू नये. जॉन मिअरशायमर हा त्याच पंथातला. १९९३ मध्ये त्यानं लिहिलं की युक्रेननं आपल्याकडचे अणुबॉम्ब सोडू नयेत, नुसत्या वचनावर रशिया थांबणार नाही. युक्रेननं डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला वचन घेतलं आणि बॉम्ब सोडले. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य आत घुसलं. या माणसानं तीस वर्षं आधी सांगितलं होतं, हे कबूल करायलाच पाहिजे. पण याच माणसानं १९९० मध्ये असंही लिहिलं होतं की शीतयुद्ध संपलं की पश्चिम आणि मध्य युरोपातली जुनी वैरं डोकं वर काढतील, म्हणून जर्मनीला सावकाशीनं अणुबॉम्ब मिळू द्यावा. जर्मनीनं बॉम्ब घेतला नाही आणि फ्रान्स-जर्मनी एकमेकांवर चालून गेले नाहीत. आणि दक्षिण आफ्रिकेचं काय? त्या देशानं सहा बॉम्ब बनवले आणि स्वतःच मोडले, मार्च १९९३ मध्ये जाहीर केलं. का मोडले याला दोन बाजू आहेत, काळ्या माणसांच्या राज्याच्या हाती ते जाऊ नयेत हीही गोऱ्यांची धास्ती असावी असं म्हणणारे आहेत. काही असो, असलेला बॉम्ब कुणी सोडत नाही हा नियम तिथं तुटला.

म्हणजे हिशेब मांडला तर कधी लागतं, कधी हुकतं. जत्रेतल्या पोपटवाल्याचंही तसंच असतं. पण पोपटवाला चिठ्ठी काढून गप्प बसतो. हा चिठ्ठीबरोबर सल्ला देतो, आणि सल्ला तोफांपर्यंत पोचतो.

आता दुसरी बाजू. ‘कधीच होणार नाही’ म्हणणाऱ्यांच्या समोर ‘होणारच आहे’ म्हणणारे बसलेत, आणि ते आपल्याला जास्त गोड लागतात म्हणून जास्त जपून राहावं. १९८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सिस फुकुयामानं लिहिलं की विचारांची लढाई संपली, उदारमतवादी लोकशाहीच्या पलीकडे आता काही शिल्लक नाही. त्या लेखाला शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं, ते लोक विसरले. अलेक्झांडर वेंटची गोष्ट तर अजून गमतीची. १९९२ मध्ये यानंच वॉल्ट्झच्या पंथाला चांगला दणका दिला. वर सरकार नसणं म्हणजे आपोआप झुंज नव्हे, देश एकमेकांशी जसे वागतील तसं ते होतं, असं त्यानं मांडलं. दार उघडलं. आणि २००३ मध्ये याच माणसानं लिहिलं की एक जागतिक राज्य येणं अटळ आहे, शंभर-दोनशे वर्षांत येईल. उघडलेल्या दारातून त्यानं आपली वरातच आत नेली.

अटळ या शब्दाला बाबासाहेबांनी कधी भीक घातली नाही. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या त्यांच्या लेखात ते समाजवाद अटळ आहे हा दावा घेतात आणि खोडतात. १९१७ ला रशियात जे झालं ते आपोआप आलं नाही, माणसांनी आखून, धडपडून, रक्त सांडून आणलं, असा त्यांचा मुद्दा. माझे काही कॉम्रेड मित्र यावर चिडतात. चिडू द्या. जे येणारच आहे त्याच्यासाठी तिसऱ्या पाळीनंतर पत्रकं वाटायला कोण कशाला येईल?

आणि ग्दान्स्कवरून हुरळून जाणाऱ्यांसाठी मुंबई आहे. पोलंडमध्ये मार्शल लॉ लागला त्याला महिना-सव्वा महिना झाला, आणि १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तिथल्यासारखीच चिवट माणसं. तो संप रीतसर मागेही घेतला गेला नाही, नुसता विझत गेला. त्या काळापासून एक वाक्य फिरायला लागलं: कापड गिरण्यांना भविष्य नाही. हे वाक्य भाकीत म्हणून सुरू झालं. मग त्या वाक्याच्या भरवशावर नव्या यंत्रांत पैसा घालणं थांबलं. पैसा थांबला म्हणून गिरण्या आजारी पडल्या, आणि आजारी पडल्या म्हणून वाक्य खरं ठरलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांची जमीन विकायची वाट उघडली, २००१ च्या दुरुस्तीनं ती विकणाऱ्यांसाठी आणखी रुंद केली. आज तिथं टॉवर आहेत. जमिनीला भविष्य होतं, कामगाराला नव्हतं. एवढा साधा फरक करायला मला कुठलं विद्यापीठ लागलं नाही.

म्हणून माझं उत्तर असं. ‘शक्य नाही’ म्हणणं हे काम आहे. घण घालण्यासारखं काम. आणि त्या कामाचा अपघात झाला की जखम सांगणाऱ्याला होत नाही. ई. एच. कार हा इंग्रज फार हुशार माणूस. १९३९ च्या त्याच्या पुस्तकात त्यानं दाखवून दिलं की सगळ्यांचं हित एकच आहे असं म्हणणारे बहुधा पोट भरलेले असतात, हे वाचून मी पान दुमडून ठेवलंय. पण त्याच पुस्तकात म्युनिकच्या सौद्याची तारीफ होती. जर्मनीची ताकद वाढलीय तर तिला जागा करून द्यावी, वास्तव ओळखावं. सौद्यात दिलेली जागा चेकोस्लोव्हाकियाची होती आणि चेक लोकांना त्या खोलीत बसूही दिलं नव्हतं. युद्ध झालं. १९४६ च्या आवृत्तीत कारनं ती वाक्यं काढून टाकली. पुस्तकातून वाक्य काढता येतं. आमच्या एका जुन्या गिरणीत यंत्र सुरक्षित आहे असं लिहून देणाऱ्या साहेबाची बदली झाली, आणि हात गेलेला माणूस तिथंच गेटाबाहेर चहा विकत होता. नंतर कुणी त्या कागदाची विचारपूस केली नाही.

रॉबर्ट कॉक्स नावाचा एक कॅनडाचा माणूस या विषयात मला जवळचा वाटला. पंचवीस वर्षं त्यानं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काढली, मग प्राध्यापक झाला. १९८१ मध्ये त्यानं लिहिलं की कुठलाही सिद्धांत कुणाच्या तरी बाजूचा आणि कशासाठी तरी असतो. एक प्रकारचा सिद्धांत आहे ती चौकट धरून चालतो आणि तिच्या खिळ्यांना तेल घालतो. दुसरा विचारतो की ही चौकट आली कुठून आणि ती बदलायची तयारी कुठं चाललीय. कामगारांच्या तक्रारींचे कागद ज्यानं पंचवीस वर्षं हाताळले त्यालाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

कॉक्सचा चष्मा लावून पेटीच्या झाकणाकडे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम २(७) आहे. देशाच्या अंतर्गत मामल्यात ढवळाढवळ नको. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न भारतानं तिथं नेला. आफ्रिकेचा स्मट्स म्हणाला, हा आमच्या घरातला मामला आहे. भारताच्या वतीनं विजयालक्ष्मी पंडितांनी ठासून सांगितलं की नाही, हा जगाचा मामला आहे. ८ डिसेंबर १९४६ ला आमसभेनं दोन-तृतीयांश बहुमतानं भारताची बाजू घेतली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या प्रती पाठवा, अस्पृश्यही असं पाऊल उचलायच्या विचारात आहेत, असा त्याचा आशय. जुलैअखेर ड्यू बॉईसनी उत्तर धाडलं. संयुक्त राष्ट्रांत तेव्हा ५१ मूळ सभासद होते, आज १९३ आहेत. जे तेव्हा देशच नव्हते ते आज खुर्चीवर आहेत, हेही त्या काळच्या पुष्कळ शहाण्यांना इतक्या लवकर शक्य वाटत नव्हतं.

आणि २००१. दक्षिण आफ्रिकेतच डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. आपली माणसं इथून गेली, जातीचा प्रश्न कागदावर घ्या म्हणाली. भारत सरकारनं विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, आमची घटना आणि कायदे ते बघून घेतात. शब्द वेगळे, सूर स्मट्सचा. पंचावन्न वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या पेटीचं झाकण उघडायला लावणारा देश आपल्या झाकणावर बसला. परिषदेच्या शेवटच्या कागदात जात हा शब्द आला नाही. पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, वंशभेदावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातही येते असं आपल्या शिफारशीत लिहिलं. जे डर्बनच्या मांडवात शक्य नव्हतं ते दुसऱ्या दारानं थोडंसं आत आलं. थोडंसंच. शिफारशीनं कुणाची विहीर उघडत नाही.

मग उद्याचा विचार करायचाच नाही का? करायचा, पण कसा, त्याचा एक नमुना आपल्याच कपाटात आहे आणि आपण तो उघडत नाही. १९४० मध्ये बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ लिहिलं. त्या पुस्तकावर भांडणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. मला त्यात निकालापेक्षा पद्धत मोठी वाटते. आधी पाकिस्तान मागणाऱ्यांची बाजू, त्यांच्या तोंडी शोभेल इतकी जोरकस. मग विरोधकांची, तशीच. सरहद्द कुठं पडेल, सैन्यात कुठल्या भागातली माणसं किती, पैसा कुठून येतो, आकडे. मग पाकिस्तान नको असेल तर दुसरं काय, त्याचे पर्याय, आणि तुर्कस्तान-चेकोस्लोव्हाकियाचं काय झालं ते. अमुक झालं तर तमुक होईल. ‘होणारच’ आणि ‘होणारच नाही’ या दोन्हींना बाजूला सारून अटी मांडल्यात. आणि दुसऱ्या आवृत्तीत शेवटी प्रकरण कुठलं? निर्णय कुणी करायचा. पुढाऱ्यांनी बंद खोलीत नाही, ज्यांचं आयुष्य त्यात जाणार त्या लोकांनी मतदानानं करायचा, असं सांगून त्यांनी कायद्याचा मसुदासुद्धा जोडला. १९४७ मध्ये जे झालं ते असं झालं नाही, हे आपल्याला माहीत आहे.

कारण असेल तर घडतं, कारण हललं तर घडणंही हलतं, ही बुद्धाची शिकवण. हिला मी धर्माच्या कप्प्यात ठेवत नाही, अभ्यासाच्या पद्धतीत ठेवतो. वॉल्ट्झलाही कारणच हवं होतं. पण त्याला एकच दिसलं आणि ते न हलणारं.

शेवटी एक तक्ता सांगतो, तो डोक्यातून जात नाही. हर्मन कान हा रँड नावाच्या अमेरिकन संस्थेतला माणूस. अणुयुद्धानंतर काय काय होऊ शकतं याची चित्रं रंगवणं हा त्याचा धंदा. सिनेमातला ‘सिनॅरिओ’ हा शब्द या कामात रुळवणाऱ्यांत तो होता. १९६० च्या त्याच्या पुस्तकात एका बाजूला अमेरिकेतल्या मेलेल्यांचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला अर्थव्यवस्था सावरायला लागणारी वर्षं आहेत. वीस लाख मेले तर एक वर्ष. एक कोट मेले तर पाच. सोळा कोटी मेले तर शंभर. तक्त्यात दुसऱ्या देशांच्या मेलेल्यांना रकाना नाही.

कान ज्याला संभाव्य भविष्य म्हणत होता ते प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर आधीच होऊन गेलं होतं. १९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेनं तिथं ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ चा स्फोट हिरोशिमाच्या हजारपट. रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडत राहिली, लोकांना दोन दिवसांनी हलवलं. १९५७ मध्ये त्यांना सांगितलं की बेट आता राहण्याजोगं आहे, आणि परत नेऊन सोडलं. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच बेट सोडलं, सरकारनं नाही तर ग्रीनपीसच्या एका जहाजानं त्यांना नेलं.

याच मार्शल बेटांनी, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षा लहान वस्तीच्या देशानं, एप्रिल २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अणुबॉम्ब बाळगणाऱ्या नऊच्या नऊ देशांवर अर्ज दाखल केले. भरपाई मागितली नाही. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करायचं बंधन तुम्ही पाळलं नाही, एवढंच म्हणणं. नवांपैकी सहा देशांनी त्या कोर्टाचा अधिकार मानला नाही, तिथंच संपलं. उरले तीन: ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. म्हणजे त्या बेटाच्या समोर वकील देऊन उभ्या राहणाऱ्यांत आपला देश होता. ५ ऑक्टोबर २०१६ ला निकाल लागला. या देशांत आणि बेटात वादच उत्पन्न झालेला नाही, म्हणून कोर्ट प्रकरण ऐकू शकत नाही. भारत आणि पाकिस्तानच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात. ब्रिटनच्या बाबतीत आठ विरुद्ध आठ, आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत बेटाच्या विरुद्ध पडलं. पुढच्या वर्षी, ७ जुलै २०१७ ला, न्यूयॉर्कमध्ये अणुबॉम्बवर बंदी घालणाऱ्या कराराच्या बाजूनं १२२ देशांनी मत दिलं. बॉम्बवाल्या नवांपैकी एकही देश त्या खोलीत आला नव्हता. भारतही नव्हता.